यादीतलं चौथं नाव

"थांबा, बुवा बोलतोय."

तिच्या टेबलाशी कुणीही गेलं की आधी उजव्या हाताचा पंजा वर व्हायचा आणि मग हे वाक्य यायचं. समोर साहेब असोत, ऑडिटवाले असोत की पाण्याचे जार टाकणारा माणूस असो, बुवाचं बोलणं पुरं होईपर्यंत सगळ्यांनी गुमान उभं राहायचं. बुवा म्हणजे तिच्या संगणकातला आवाज. पडद्यावर जे असेल ते तो वाचायचा आणि ती कानात वायर घालून ऐकायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. बुवाचं मराठी म्हणजे सर्दी झालेल्या माणसाने घाईघाईत पाढे म्हणावेत तसं. त्यातून तिने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की कधी वायर निघाली तर आम्हाला नुसती भुणभुण ऐकू यायची. ती त्या भुणभुणीतून परिपत्रकं, रजेचे अर्ज, स्मरणपत्रं बरोबर वेचून घ्यायची.

आमचं कार्यालय गंगापूर रोडला, एका निमसरकारी संस्थेचं विभागीय कार्यालय. मी आस्थापना शाखेत, म्हणजे लोकांच्या नेमणुका, बदल्या, रजा यांचे कागद करणारा वरिष्ठ लिपिक. ती आवक-जावकला लिपिक, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. सोळा वर्षं आमची टेबलं एकमेकांना लागून होती. इतक्या वर्षांच्या शेजारात माणूस कळतोच. तिचं डोकं दुखतंय की घरी वाजलंय हे मला तिच्या कीबोर्डच्या आवाजावरून समजायचं, आणि मी सकाळी चहा न घेता आलोय हे तिला माझ्या खुर्ची ओढण्यावरून.

पहिल्या दिवशी मी मोठ्या पुण्यकर्माच्या भावनेने तिचा दंड धरला आणि जिन्यापासून खुर्चीपर्यंत ओढत आणलं. खुर्चीत टेकल्यावर ती म्हणाली, "दादा, मी बाजारातून आणलेली गाय नाही. उद्यापासून तुमचा हात मी धरीन, तुम्ही फक्त चाला." सगळी शाखा हसली. मला राग आला आणि तो चांगला दोन-चार महिने टिकला. खोटं कशाला बोलू?

बाई काही गोड वगैरे नव्हती. दिसत नाही म्हणजे माणूस सोशीक, शांत, गाणंबिणं म्हणणारा असणार, अशी आपली एक समजूत असते. तुमचीही असेल. हिला गाण्याचा गंध नव्हता. हिला आवडायची कांदाभजी, ऑफिसातल्या भानगडी आणि दुसऱ्याच्या पत्रातल्या चुका. चूक सापडली की ती आधी स्वतःशी हसायची, मग खुर्ची वळवायची. खुर्ची वळली की मी हातातलं काम खाली ठेवायचो.

चुका म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या नव्हेत. आपण लांबलचक अहवाल हातात घेतला की ठळक ओळी बघत खाली जातो. तीही तेच करायची, फक्त बोटांनी. एक कळ दाबली की बुवा पुढच्या शीर्षकावर जायचा. पण त्यासाठी ते शीर्षक आहे हे संगणकाला सांगावं लागतं, वर 'हेडिंग'चा पर्याय असतो तो निवडावा लागतो. आम्ही काय करायचो, ओळ ठळक करायची, खाली रेघ मारायची आणि पुढे जायचं. डोळ्यांना ते शीर्षक, बुवाला साधी ओळ. मग तेरा पानांचा अहवाल तिला पहिल्या अक्षरापासून ऐकत बसावं लागायचं. ती बसायची नाही, सरळ परत पाठवायची. "ठळक केलं म्हणजे शीर्षक होतं का दादा? टोपी घातली म्हणून कुणी पुढारी होतो का?"

त्याहून मोठं भांडण फॉन्टचं. आमच्याकडे मराठी टाइप व्हायचं ते जुन्या फॉन्टात. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण आत संगणकाच्या लेखी ती नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. एका साहेबांच्या निरोपसमारंभासाठी मी मानपत्र लिहिलं होतं. चांगलं जमलं होतं, मी ते स्वतःशीच दोनदा मोठ्याने वाचलं होतं. तिने ते उघडलं, वायर काढली आणि बुवाचा आवाज मोठा केला. "डॉलर, कंस सुरू, के, स्वल्पविराम, कंस पूर्ण, टक्के, टक्के..." संपेपर्यंत ती हाताची घडी घालून बसली होती. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "काय भाषा आहे दादा! साहेब रडणार बघा."

मी चाळिशी केव्हाच ओलांडलेली. बोटांना जुन्या कीबोर्डची सवय, आणि आमचं म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही. पण नवं टंकलेखन, संगणकाला मराठी म्हणूनच कळणारं, तिने मला शिकवलंच. शिकवण्याची तऱ्हाही न्यारी. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने माझा मॉनिटर बंद केला, वायर माझ्या कानात दिली, बुवाचा वेग लहान मुलाला समजेल इतका कमी केला आणि म्हणाली, "आता तुमचाच कालचा रजेचा अर्ज उघडून दाखवा." मला दहा मिनिटांत घाम फुटला. कुठे आहे, काय उघडलंय, काही पत्ता नाही. अर्ज सोडून मी भलतीच फाइल उघडली आणि वर ती पुसून टाकली. पडदा परत लावून ती म्हणाली, "आणि तुम्हाला वाटतं मी कटकट करते." त्या दिवसापासून मी तिच्या बाजूचा झालो. निदान मला तसं वाटत होतं.

चित्रांच्या बाबतीत ती फार चिकट. संगणकात प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन लिहिता येतं, आणि बुवा ते वाचतो. एकदा आरोग्य शिबिराचं पोस्टर आलं, त्यामागे मी लिहिलं, 'डॉक्टर'. खुर्ची वळली. "डॉक्टर काय करतोय? बाई आहे की पुरुष? शिबिर कधी आहे, कुठे आहे? का नुसता डॉक्टर बघून यायचं?" दुसऱ्यांदा मी पोस्टरमधल्या डॉक्टरच्या चष्म्यापासून मागच्या भिंतीच्या रंगापर्यंत सगळं लिहिलं. तेही परत आलं. "कादंबरी नको. मला जायचं असेल तर जेवढं लागेल तेवढं."

तिला आयुष्यात हवं असलेलं एकच होतं, आणि ते तिने कधी लपवलं नाही. तिला वरिष्ठ लिपिक व्हायचं होतं, आणि ते यादीतल्या नंबराने. ज्यांना ही दुनिया ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. विभागातल्या सगळ्या लिपिकांची एक ज्येष्ठता यादी असते. कोण आधी लागलं, कोण नंतर, त्यावरून नंबर. वरचे निवृत्त होतात तसे खालचे सरकतात, आणि जागा निघाल्या की वरून मोजून बढत्या. ती म्हणायची, "आत आले ती राखीव जागेवर, तो माझा हक्कच होता. तरी लोकांनी तोंडं वाकडी केली. वर जाईन ती नंबराने. मग कोण काय बोलतो बघू."

तिच्या वरच्या माणसांची नावं, गावं आणि निवृत्तीचे महिने तिला तोंडपाठ होते. त्यांच्या तब्येतीची चौकशीही ती न चुकता करायची. "वरच्यांना उदंड आयुष्य लाभो," ती म्हणायची, "पण घरी बसून."

सातपूरच्या पलीकडे एका वसाहतीत विहाराशेजारी तिचं घर. दर बुद्धपौर्णिमेला आम्हा चार-सहा जणांना तिच्याकडे खिरीचं आमंत्रण असायचं. वडील कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेले, बोलायला फार कमी. पण यादी लागली की दरवर्षी विचारायचे, "कितवा आला गं?" तिने सांगायचं, सहावा. पुढच्या वर्षी पाचवा. त्यानंतरच्या वर्षी ती म्हणाली, चौथा. तेव्हा म्हाताऱ्याने उठून माझ्या वाटीत आणखी खीर वाढली. जणू तिचा नंबर मीच वर सरकवला होता.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो.

पत्र दृष्टिहीन माणसाला वाचता येईल की नाही हे तपासणारं एक बटण त्या प्रोग्रॅममध्येच असतं. ते दाबलं की बाजूला सगळ्या चुका येतात. हे शीर्षक नाही, या तक्त्याला वरची ओळ नाही, या चित्रामागे वर्णन नाही. सगळं दुरुस्त केलं की 'एकही त्रुटी नाही' असं येतं. आम्ही त्याला 'शून्य' म्हणायचो. तीन वेळा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तिने हुकूम काढून घेतला, की शून्य आल्याशिवाय एकही पत्र ईमेलने जायचं नाही. हुकूम निघाला त्या दिवशी तिने सगळ्यांना भजी खाऊ घातली. शाखेने भजी खाल्ली आणि मागे शिव्या दिल्या. एका पत्राला दोन मिनिटं लागायची तिथे दहा लागू लागली. मीही वैतागलो होतो, तिच्या बाजूचा असूनसुद्धा.

पळवाट शोधली ती मी. चित्राचं वर्णन लिहायच्या जागेखाली एक बारका चौकोन असतो. त्यापुढे लिहिलेलं असतं, की हे चित्र केवळ शोभेचं आहे. पानाभोवतीची वेलबुट्टी, रेघा, असल्या गोष्टींसाठी ती सोय. तिथे खूण केली की वर्णन लिहावं लागत नाही, तपासणीत शून्य येतं, आणि बुवा त्या चित्राचं नावही न घेता पुढे जातो. मला इतका आनंद झाला की मी आठवडाभरात सगळ्या शाखेला ते शिकवून टाकलं. तिला सोडून. पुढे वर्षभर आमच्या कार्यालयातून गेलेलं प्रत्येक पत्र शून्याचं होतं. वरून तपासणीला आलेल्या लोकांनी कौतुक केलं. ती खूश होती. "बघा, जमतं की नाही?" असं ती मला म्हणाली होती, आणि मी हसून "जमतं की" म्हणालो होतो.

त्याच वर्षी ज्येष्ठता यादी आली, कच्ची. कच्ची म्हणजे कुणाचं काही चुकलं असेल तर पंधरा दिवसांत हरकत घ्यायची, मग पक्की होते. मुख्यालयाने ती जुन्या फॉन्टात पाठवली होती. आमच्या पत्रात चिकटवली की तिचा चिवडा व्हायचा. म्हणून मी यादीचा पडद्यावरून फोटो काढला, पत्राखाली डकवला, बारक्या चौकोनात खूण केली. शून्य आलं. पत्र सगळ्यांना गेलं.

अर्ध्या तासात खुर्ची वळली. "दादा, यादी कुठंय? पत्र वाचलं, खाली काहीच नाही."

"आहे हो. फोटो आहे, बुवाला दिसत नसेल."

"वर्णन?"

"एवढी मोठी यादी ताई, नंतर टाइप करून देतो."

"माझं नाव चौथंच ना?"

मी पाहिलं नव्हतं. साहेबांचा फोन वाजत होता, बिलांचा महिना होता, आणि मागच्या वर्षी चौथं होतं तर या वर्षी कुठे जाणार? मी म्हणालो, "हो."

एवढंच. त्यानंतर तिने एकदा आठवण केली, मी "उद्या" म्हणालो. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत हसत हसत म्हणत आलो होतो. पंधरा दिवस गेले. यादी पक्की झाली.

बढत्यांचे आदेश आले त्या सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून आली होती. सहा जागा निघाल्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. सहा जागा आणि ती चौथी, बाकी काही मोजायचंच नव्हतं. आदेश ज्याच्या त्याच्या नावाने ईमेलवर येत होते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, ती दर पाच मिनिटांनी ईमेलची पेटी उघडून बघत होती. तेवढ्यात हरसूलकडचा आमचा एक तरुण लिपिक पेढ्यांचा पुडा घेऊन आला. साधा माणूस, तिच्याच हाताखाली शिकलेला. त्याने तिच्या तळहातावर पेढा ठेवला.

"कशाचा रे?"

"वरिष्ठ झालो ताई. माझाच इस्वास बसत नाय. यंदाची यादी मी उघडलीच नाय, पण मागच्या यादीत माझा सातवा नंबर व्हता, आन् जागा तर सहाच. कसा काय लागलो कोण जाणे."

ती पेढा हातात धरून बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "सहा जागा, आणि तू सातवा. म्हणजे वरचं कुणीतरी गळलं."

"गळलं आसंल कुणी."

"कोण गळलं, दादा?" तिने मला विचारलं.

मी यादी उघडली. पहिल्यांदाच नीट उघडली. चौथ्या जागी दुसरंच नाव होतं. ती एकतिसावी होती. तिच्या नेमणुकीच्या वर्षात टाइप करणाऱ्याने शून्याच्या जागी एक मारला होता, आणि तिची दहा वर्षं उडाली होती. मी हे कसं सांगितलं, कोणत्या शब्दांत सांगितलं, मला आठवत नाही. त्या लिपिकाचा चेहरा मात्र आठवतो. "ताई, मला खरंच ठाऊक नव्हतं, लय वाईट झालं," असं तो दोन-तीनदा म्हणाला, आणि पुडा तसाच घेऊन बाहेर गेला.

तिने ते जुनं पत्र शोधून काढलं आणि बाणाच्या कळीने ओळ ओळ ऐकत शेवटापर्यंत गेली. परत वर आली, परत खाली गेली.

"फोटो असला तर बुवा निदान 'चित्र' तरी म्हणतो. इथे तो काहीच म्हणत नाही. आणि या पत्राला शून्य आलं होतं. कसं काय?"

मग मी बारक्या चौकोनाचं सांगितलं. सगळं सांगितलं, वर्षभराचं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कानातली वायर काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे वर्षभर माझ्या समोरून काय काय गेलं, मला माहीतच नाही." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही मला शिकवलं असतंत ना हे, तर मी तेव्हाच सांगितलं असतं, की एवढं नका करू. नसेल वेळ तर 'चित्र' राहू द्या. मी विचारून घेईन. निदान काहीतरी आहे एवढं तरी कळू द्या मला."

पुढचा आठवडा तिने मला वर्षभराची सगळी पत्रं उघडायला लावली. एकेका चित्रावरची खूण काढायची आणि काय आहे ते लिहायचं. डोळे तपासणी शिबिर. अग्निशमनाच्या प्रात्यक्षिकाचा नकाशा, त्यात कुठल्या जिन्याने उतरायचं ते दाखवलेलं. दोन लग्नपत्रिका, त्यांपैकी एका लग्नाला ती गेली नव्हती म्हणून पत्रिका धाडणारी शाखेतली बाई तिच्याशी बोलत नव्हती. आणि महिला दिनाचा एक फोटो. त्यात पहिल्या रांगेत, मधोमध, ती स्वतः होती. तिने विचारलं, "हसतेय का मी?" मी म्हटलं, हो, चांगली हसताय. "लिहा मग," ती म्हणाली. मी लिहिलं. तिथे मला रडू आलं, आणि तिला ते कळू नये म्हणून मी खोकलो. तिला कळलंच असणार.

तिने उशिरा का होईना हरकत घेतली. उत्तर आलं, की विहित मुदतीत हरकत प्राप्त न झाल्याने विचार करता येत नाही. साहेबांनी सहानुभूती दाखवली, ती त्यांच्याकडे नेहमीच भरपूर असायची. वर दाद मागता येईल असं एका वकिलाने सांगितलं. त्याला एकच कागद हवा होता. यादी तिला वाचता येणार नाही अशा तऱ्हेने पाठवली गेली, आणि विचारल्यावर चुकीचं सांगितलं गेलं, हे लिहून देणारा कुणीतरी.

ती माझ्याकडे आली. तिच्या टेबलावरून माझ्या टेबलापर्यंत चार पावलं, पण त्या दिवशी ती उठून आली, खुर्ची वळवून बोलली नाही. "दादा, लिहून द्याल?"

माझी निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. असं लिहून दिलं की चौकशी लागते, चौकशी लागली की पेन्शन अडकते, मुलीचं लग्न ठरत आलेलं. हे सगळं खरं होतं. यातलं मी तिला काही बोललो नाही. मी म्हणालो, "बघतो."

तिने पुन्हा विचारलं नाही. मी कितीदा कागद पुढ्यात घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या, ते कुणाला सांगून काय उपयोग? दिला नाही एवढंच खरं. वर दाद मागायचीही मुदत गेली.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेचं आमंत्रण सगळ्यांना आलं, मलाही. मी गेलो नाही. वडिलांनी तिला काय विचारलं असेल आणि तिने काय सांगितलं असेल, याचा विचार मी घरी बसून करत राहिलो.

पावसाळ्यानंतर तिने विनंती बदलीचा अर्ज दिला, अकोल्याला, दुसऱ्या विभागात. तिथे धाकटी बहीण दिलेली आहे, ती म्हणाली, वडिलांनाही तिकडेच न्यायचं आहे. हरसूलचा तो लिपिक आता तिचा वरिष्ठ झाला होता, तिच्यापुढे सही करायला लाजायचा, "ताई, तुम्हीच सांगा" म्हणायचा. तिला तेही सोसत नसावं. नाशिकमध्ये तिला बसचा प्रत्येक थांबा, प्रत्येक खड्डा, कुठल्या दुकानापाशी तेलाचा वास येतो ते ठाऊक होतं. हे सगळं पंचेचाळिशीनंतर टाकून दुसऱ्या गावात पहिल्यापासून चालायला शिकायचं. मी एकदा म्हणालो, "ताई, फेरविचार करा." ती म्हणाली, "केलाय."

कार्यमुक्तीचा आदेश मीच तयार केला. शीर्षकं शीर्षकांसारखी दिली, तक्त्याला वरची ओळ दिली, बोधचिन्हामागे वर्णन लिहिलं, कुठेही बारक्या चौकोनाला हात लावला नाही. आयुष्यात इतकं स्वच्छ पत्र मी केलं नव्हतं. पण आदेशावर सही शाईने व्हावी लागते. साहेबांनी छापील प्रतीवर सही केली, शिक्का मारला, शिपायाने ती प्रत स्कॅन केली आणि तिला पाठवली. म्हणजे पुन्हा फोटोच. तिने तो उघडला, दोन-तीन कळा दाबल्या. मी माझी मूळ प्रत पाठवतो म्हणालो.

"नको. सही झालेली तीच खरी." ती माझ्याकडे वळली. "वाचा."

सोळा वर्षांत तिने मला एकही कागद वाचायला सांगितला नव्हता. मी खुर्ची जवळ घेतली आणि वाचायला लागलो. विषय, संदर्भ, तिचं नाव, पदनाम लिपिक. कार्यमुक्तीची वेळ, कार्यालयीन वेळेनंतर. मग अटी. पहिली अट प्रवासभत्त्याची, दुसरी रुजू होण्याच्या मुदतीची. तिसरीपाशी मी थांबलो. ती मीच टाइप केली होती, तरी थांबलो. पुढे नेहमीच्या अटी आहेत, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. तिचा चेहरा माझ्या तोंडाकडे होता. मी वाचलं.

"सदर बदली विनंतीवरून असल्याने, नवीन विभागाच्या ज्येष्ठता यादीत त्यांचे नाव सर्वांत शेवटी घेण्यात येईल."

"कितवा नंबर लिहिलाय?"

"आकडा नाही ताई. सर्वांत शेवटी, एवढंच आहे."

"हं." तिने टेबलावरचे कागद हातांनी सारखे केले. "पुढे?"

"पुढे साहेबांची सही, आणि प्रती कुणाकुणाला ते."

"तेही वाचा."

मी सगळ्या प्रती वाचल्या. अकोल्याचं कार्यालय, लेखा शाखा, वैयक्तिक नस्ती. त्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात, आदेश कुणी तयार केला हे लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. तिथे माझं नाव होतं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.